खिंडीतला महाल आणि उडतं पाणी

फार पूर्वी, डोंगरातून जायला नुसत्या पायवाटा होत्या त्या काळात, घाटमाथ्यावर एक राज्य होतं. राज्य म्हणायचं म्हणून राज्य. सात गावं, चार ओढे आणि बाकी सगळा कातळ. नाचणी पिकायची, वरी पिकायची. मीठ, लोखंड, औषधं खालच्या देशातून डोक्यावर वाहून आणावी लागत. धडधाकट माणसं कामासाठी खाली उतरत. काही सणाला परत येत, काही येतच नसत.

पण त्या राज्यात एक नवल होतं.

माळावरचा एक ओढा पावसाळ्यात फुगून धावत यायचा आणि कड्यावरून दरीत उडी घ्यायचा. कड्याच्या बरोबर समोर, दरीच्या तोंडाशी, दोन डोंगरांमध्ये अरुंद खिंड होती. समुद्राकडचा वारा त्या खिंडीतून आत घुसायचा, कड्यावर आपटायचा आणि दुसरी वाट नसल्यामुळे सरळ वर उसळायचा. मग ओढ्याचं पाणी दोन माणसांच्या उंचीइतकं खाली यायचं, थबकायचं आणि सगळंच्या सगळं आकाशाकडे उडायचं. पांढरीशुभ्र चादर कुणी खालून वर झटकावी तसं. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर ते पाऊस होऊन पडायचं, आणि ऊन असलं तर त्या पावसात इंद्रधनुष्य उमटायचं, इतकं जवळ की हात घातला तर हात रंगीत दिसायचा.

लोक त्याला ‘उडतं पाणी’ म्हणत. जन्मापासून पाहत आलेले असूनही तिथून जाताना ते घटकाभर थांबत आणि मुकाट्यानं हात जोडत.

एके वर्षी मिठाचा एक व्यापारी वाट चुकून तिथं पोचला. त्यानं वर उडणारं पाणी पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. त्याचं खेचर चरत चरत दूर गेलं, तरी त्याला पत्ता नव्हता.

“मी सात बंदरं पाहिली,” तो भेटेल त्याला सांगू लागला, “पण पाण्याला वर जाताना पाहिलं ते याच डोंगरात!”

झालं! पुढच्या पावसाळ्यात पाच माणसं आली, त्याच्या पुढच्या वर्षी पन्नास, मग शेकड्यांनी. उतरायला धर्मशाळा नव्हती, म्हणून गावकऱ्यांनीच त्यांना आपापल्या ओसरीवर घेतलं. चांगुणा नावाची एक कुंभारीण होती. तिच्या चुलीपुढं बसून परदेशची माणसं नाचणीची गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी खात, आणि जाताना तिची मडकी घेऊन जात. बुरूड पाहुण्यांसाठी इरली विणू लागले, कारण त्या उलट्या पावसात डोकं झाकायला इरल्यासारखं दुसरं काही नव्हतं. खाली गेलेली माणसं परत येऊन वाटाडे झाली. गावांतल्या चुली दोन्ही वेळा पेटू लागल्या.

राजा तरुण होता आणि मनानं चांगला होता. त्याला वाटलं, हे तर न नांगरता आलेलं पीक! याची नीट व्यवस्था लावली पाहिजे. त्यानं पाहुण्यांच्या कामासाठी एक प्रधान नेमला. प्रधान हुशार होता, प्रामाणिकही होता. त्यानं आठ दिवस फिरून सगळं पाहिलं आणि तो दरबारात उभा राहिला.

“महाराज, पाहुणे भिजतात, घसरतात, कुडाच्या घरात झोपतात. अशानं मोठी माणसं कशाला येतील? कड्याच्या समोरच्या खिंडीत महाल बांधू. तीन मजली, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. चाळीस खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून समोर उडतं पाणी! पाहुण्यांनी महालातच राहायचं, महालातच जेवायचं.”

“आणि गावांचं काय?” राजानं विचारलं.

“महालातून राज्याला मिळेल, राज्याकडून गावांना मिळेल.”

राजाला ते पटलं. त्यानं मुद्रा उमटवली. गावांना कुणी काही विचारलं नाही.

पावसाळा सरताच काम सुरू झालं आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर महाल उभा राहिला. खजिना त्यात रिता झाला, पण महाल खरंच देखणा होता. त्याच सुमाराला खालच्या देशाच्या राणीचा निरोप आला: ‘तुमच्या नवलाबद्दल ऐकलं. श्रावणात येते. ऐकलं तसं असेल, तर घाटातून तुमच्यापर्यंत गाडीरस्ता बांधून देईन.’

राजानं तो निरोप तीनदा वाचून घेतला. मागच्या सालच्या तापाच्या साथीत औषध पायवाटेनं येईपर्यंत एका गावातली निम्मी घरं मोकळी झाली होती. रस्ता म्हणजे मीठ, रस्ता म्हणजे वैद्य, रस्ता म्हणजे जीव.

आषाढात ओढा भरून आला. राजा महालाच्या मधल्या खिडकीत जाऊन बसला आणि समोर पाहू लागला.

पाणी कड्यावरून आलं आणि खाली पडलं.

नुसतं खाली पडलं, चारचौघा धबधब्यांसारखं.

राजा दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. असे पंधरा दिवस गेले. पाणी एकदाही वर उडालं नाही. “यंदा वाऱ्याला उशीर झालाय,” प्रधान म्हणत होता, पण त्याचा आवाज रोज बारीक होत चालला होता.

शेवटी राजा एकटाच कडा चढून वर गेला. तिथं ठमाई नावाची म्हातारी धनगरीण बकऱ्या चारत होती. तिचा सगळा जन्म त्या कड्यावर गेला होता.

“आजी, यंदा वारा का नाही आला?”

ठमाईनं त्याला खालपासून वर न्याहाळलं. “वारा तर कधीचा आलाय, राजा. चल, दाखवते.”

तिनं त्याला डोंगराच्या कडेनं महालाच्या पाठीमागं, समुद्राच्या बाजूला नेलं. तिथं पाऊल टाकताच राजाचं पागोटं उडून गेलं. वारा भिंतीवर धडका मारत होता, हंबरत होता. राजाला उभंही राहवेना. मग ठमाईनं त्याला महालाच्या पुढं, दरीच्या बाजूला आणलं आणि करवंदीचं एक पान उंचावून सोडलं. पान सरळ तिच्या पायाशी पडलं.

“तुझ्या दारात उभा आहे तो,” ठमाई म्हणाली. “तू दार लावून घेतलंस. आत येणार कसा?”

राजाच्या अंगावर काटा आला. ज्या खिडकीतून नवल बघायचं, त्या खिडकीच्या भिंतीनंच नवल गिळलं होतं.

“मला हे आधी कुणी का सांगितलं नाही?”

“विचारलंस कुणाला?”

राजा मान खाली घालून परतला. राणी यायला आठ दिवस उरले होते. त्यानं प्रधानाला बोलावलं आणि एवढंच म्हणाला, “महाल उतरवायचा.”

प्रधान पांढराफटक पडला. “महाराज, राज्याची सगळी पुंजी त्या भिंतीत आहे! राणीसाहेबांना दाखवायला तेवढंच तर आहे आपल्याकडे. आणि त्यांची तीनशे माणसं राहतील कुठं?”

“जिथं आधी पाहुणे राहत होते तिथं.”

हे बोलणं सोपं होतं. राजा चालत चांगुणेच्या दारात गेला, तेव्हा तिनं त्याला बसायला घोंगडं टाकलं नाही. ती चाकावरची माती तशीच थापत राहिली.

“महिन्यापूर्वी तुमचे शिपाई आले होते,” ती म्हणाली. “माझ्या ओसरीवरच्या पाहुण्यांना उठवून महालात घेऊन गेले. एक म्हातारबाबा जेवत होते, त्यांना भरल्या ताटावरून उठवलं. मी कुंभारीण आहे महाराज, पण पाहुणा ताटावरून उठला तर मलाही लाज वाटते.”

“चुकलो,” राजा म्हणाला. “मुद्रा माझी होती. आता महाल पाडायचा आहे, आणि राणीच्या माणसांना तुमच्या ओसऱ्या हव्यात.”

चांगुणेचा हात थांबला. राजा असं म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. आजूबाजूची माणसं गोळा झाली होती, त्यांनाही वाटलं नव्हतं.

“महाल पाडायला आम्ही येऊ,” ती शेवटी म्हणाली. “राणीची माणसंही ठेवून घेऊ. पण एक सांगते. पाहुण्यांचं जे काही ठरेल, ते यापुढं सात गावांना विचारून ठरायचं. नाहीतर आज हा महाल पडेल आणि उद्या तुम्ही दुसरा बांधाल.”

“प्रत्येक गावाचा एक माणूस दरबारात बसेल,” राजानं शब्द दिला. “आणि तुमच्या कुंभारवाडीकडून तू.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सात गावं पहारी, कुदळी घेऊन खिंडीत जमली. पण पहिला घाव कुणी घालायचा? एवढी देखणी भिंत, कुणाचा हात उचलेना. तेव्हा गर्दीतून प्रधान पुढं आला. त्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं.

“मी बांधला,” तो म्हणाला, “पहिला घाव माझा.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पहार जोरात बसली.

सहा दिवस काम चाललं. निघालेला दगड लोकांनी वाहून नेला आणि घरापुढच्या ओसऱ्या वाढवायला घेतल्या. सातव्या दिवशी राणीचा लवाजमा खाली घाटात दिसू लागला. खिंडीत आता छातीएवढी भिंत उरली होती. राजा, प्रधान, बुरूड, धनगर सगळे एका ओळीत उभे राहिले आणि त्यांनी एकदम जोर लावला. भिंत कलली आणि धडधडत खाली गेली.

क्षणभर काहीच झालं नाही. धूळ खाली बसली. कुणी श्वास सोडेना.

मग वारा आत आला.

तो त्यांच्या अंगावरून असा गेला की उभी माणसं एकमेकांना धरून खाली बसली. दरीतलं गवत एका बाजूला झोपलं. दूर कड्यावरून पडणारं पाणी मधेच थांबलं. त्याचं टोक वाकलं, लांबलं आणि हळूहळू उचललं गेलं. आणि मग एकाएकी सगळा ओढा आभाळात गेला. कड्याच्या वर पाण्याचं एक झाड उभं राहिलं, पांढरं, हलणारं, आणि त्याची पानं गळावीत तसा पाऊस माळावर पडू लागला. बकऱ्या चरायच्या थांबल्या. लहान पोरं मोठ्यांच्या कडेवर गप्प झाली. जे जन्मभर ते पाहत आले होते, त्यांनीही जणू ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. प्रधान गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला.

राणी दुसऱ्या दिवशी माथ्यावर पोचली. पाणी दिसताच तिनं पालखी थांबवली, जोडे काढले आणि ती चालत कड्यावर गेली. कुणीतरी तिच्या डोक्यावर इरलं धरलं, ते तिनं हातानं बाजूला केलं. ती पुष्कळ वेळ चिंब भिजत उभी होती.

“तुमच्या महालाबद्दल ऐकलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “तो कुठं आहे?”

“पाडला, राणीसाहेब,” राजा म्हणाला. “बसायला खिडक्या झाल्या होत्या, पण बघायला पाणी उरलं नव्हतं.”

राणी हसली नाही. तिनं एकदा मोकळ्या खिंडीकडे पाहिलं, एकदा राजाकडे. “मी पुष्कळ राजांचे महाल पाहिले. पाडलेला महाल मात्र पहिल्यांदाच पाहते आहे. रस्ता मिळेल तुम्हाला. थेट या कड्यापर्यंत आणते.”

राजाच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. पण तो थांबला.

“एका घटकेचा अवधी द्या. विचारून सांगतो.”

“राजा असून कुणाला विचारता?”

राजानं सात गावांची सात माणसं दाखवली. ती बाजूला झाडाखाली बसली. बराच वाद झाला. कुणाला गाडी दारापर्यंत हवी होती, कुणाला नको होती. अखेर चांगुणा उठून आली. “रस्ता सगळ्यांत खालच्या गावापर्यंत आणा, राणीसाहेब. वैद्य तिथवर आला तरी आम्हाला पुरे. पुढचा कोसभर पाहुण्यांनी चालत यावं. आणि दिवसाला आमच्या ओसऱ्यांवर मावतील तेवढ्यांनीच यावं. बाकीच्यांना सांगू, पुढच्या आठवड्यात या, नवल कुठं जात नाही.”

“तसंच होईल,” राणी म्हणाली.

दोन वर्षांत रस्ता आला. मीठ स्वस्त झालं, वैद्य येऊ लागला. पाहुणे कुठल्या गावात उतरतील याची पाळी लागली, म्हणजे कुठलंच गाव मागं पडू नये. वाटा, साकव, पाणवठे पाहुण्यांकडून घेतलेल्या थोड्याशा करातून दुरुस्त होऊ लागले, आणि प्रधान त्या कराचा हिशोब सात गावांसमोर मांडू लागला. खालीच राहून गेलेली माणसंही बायकापोरांसह घरी परतली.

मग एक साल असं आलं की पाऊसच पडला नाही. ओढा आटला. पाणी वर उडायचं सोडा, खाली पडायलाही नव्हतं. राजा काळजीनं खंगला. आता कोण येणार? एके दिवशी तो खालच्या गावात जाऊन रस्त्याकडे बघत बसला.

आणि वळणावरून गाड्या येताना दिसल्या. एक, दोन, दहा. गाड्यांत ज्वारीची पोती होती, पाण्याच्या पखाली होत्या. पहिल्या गाडीतून खालच्या देशाचा एक शेतकरी उतरला.

“अहो, यंदा उडतं पाणी नाही,” राजा ओशाळून म्हणाला. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

“सांगितलं की,” शेतकरी पोतं खांद्यावर घेत म्हणाला. “पाणी नसेना का. आम्ही तीन वर्षं चांगुणाबाईच्या ओसरीवर जेवलो. यंदा तिच्या घरात धान्य नाही असं कळलं, म्हणून आलो.”

राजा उठून उभा राहिला. गाड्यांमागून गाड्या येतच होत्या. पाणी वर जाताना पाहून जो थरार त्याच्या अंगावर उठत असे, तोच त्या कोरड्या उन्हात पुन्हा उठला. त्यानं नकळत हात जोडले.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: जे बघायला जग येतं ते आधी जपावं, त्याची कमाई सगळ्यांच्या चुलीपर्यंत पोचवावी आणि पाहुण्याला माणसांच्या घरात जागा द्यावी, मग आलेला पाहुणा सोयरा होतो, आणि अडचणीला तोच धावून येतो.