ठिपकीचं पाऊल भिंतीवर

एक होतं कोंबडीचं पिल्लू. केवढं? तुझ्या मुठीत मावेल एवढं. अंग पिवळं, डोक्यावर एकच काळा ठिपका. म्हणून नाव पडलं ठिपकी.

ठिपकीचं घर शाळेच्या मागे. तिथे तिची आई तांबडी कोंबडी राहायची आणि सात भावंडं. भावंडं दिवसभर माती उकरायची. ठिपकी मात्र शाळेत जायची. अगदी पहिल्या दिवसापासून, हं. एक दिवस बुडवला नाही.

सोमवारी शाळा उघडली. पहिलीच्या वर्गात नवी मुलं आली. नवी दप्तरं, नव्या रिबिनी. ठोंबरे बाईंनी ताटात कुंकवाचं पाणी केलं. एकेक मूल पुढे आलं. ताटात पाय, छपाक. कागदावर पाय, थप्प. झालं लाल लाल पाऊल.

बाई म्हणाल्या, "हे तुमचं शाळेतलं पहिलं पाऊल. शनिवारी सगळी पावलं भिंतीवर लावू. तुमच्या आया बघायला येतील."

मुलांच्या मागून कोण आलं? ठिपकी आली. ताटात पाय, छुपुक. कागदावर पाय, टिप्प. झालं इवलंसं पाऊल. तीन बोटं पुढे, एक बोट मागे.

मुलं हसली. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "हीसुद्धा नवीनच आहे की. राहू दे हिचंही पाऊल."

ठिपकीची मान अश्शी ताठ झाली. घरी जाऊन म्हणाली, "आई, शनिवारी शाळेत ये. भिंतीवर माझं पाऊल लागणार आहे."

"येईन तर," आई म्हणाली. "सगळ्यांना घेऊन येईन."

"हिचं पाऊल? भिंतीवर?" भावंडं म्हणाली. "काहीतरीच."

"याच तुम्ही," ठिपकी म्हणाली.

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवार आला. सकाळची शाळा. बाईंनी पावलांचे कागद काढले. मोठे कागद टेबलावर ठेवले. ठिपकीचा चिमुकला कागद खिडकीत ठेवला. आणि वारा आला. सूंऽऽ. कागद उडाला. भुर्रर्र. अंगणातल्या गुलमोहराच्या फांदीत जाऊन अडकला.

ठिपकीनं वर पाहिलं. बाप रे, केवढी उंच फांदी. आता भिंतीवर काय लागणार? आणि आई येऊन काय बघणार?

पण रडत बसेल ती ठिपकी कसली? तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी निघाली. गुलमोहराजवळ आली.

"गुलमोहरदादा, गुलमोहरदादा, माझा कागद सोड ना. कागदाशिवाय पाऊल लागत नाही. आणि माझी आई बघायला येणार आहे."

सळसळ सळसळ, गुलमोहर म्हणाला, "सोडीन की, का नाही सोडणार? पण फांदी हलवायला अंगात जोर नको? सुट्टीभर मला पाणी घालायला कुणी नव्हतं. घसा कोरडा पडलाय बघ. आधी झारीला सांग, पाणी घाल."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी निघाली. झारीजवळ आली. झारी भिंतीला टेकून उन्हात बसली होती.

"झारीताई, झारीताई,
गुलमोहर कागद सोडत नाही,
कागदाशिवाय पाऊल लागत नाही,
आणि माझी आई बघायला येणार आहे.
घाल ना पाणी."

ठणठण ठणठण, झारी म्हणाली, "घालीन की, का नाही घालणार? पण माझ्या पोटात आहे काय? वाजवून बघ. नुसता वारा. आधी हापशाला सांग, झारी भर."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी निघाली. हापशाजवळ आली. हापसा म्हणजे कोण माहीत आहे ना? दांडा खाली-वर केला की जमिनीतलं पाणी वर आणतो, तो.

"हापसेकाका, हापसेकाका,
झारी पाणी घालत नाही,
गुलमोहर कागद सोडत नाही,
कागदाशिवाय पाऊल लागत नाही,
आणि माझी आई बघायला येणार आहे.
भरा ना झारी."

कुईं खट, कुईं खट, हापसा कुरकुरला. तो जरा चिडकाच होता. "भरीन की, का नाही भरणार? पण माझा दांडा कोण हलवणार? तू? लटकून बघ."

ठिपकी लटकली. खरंच लटकली, दोन पाय हवेत. दांडा काही हलला नाही.

हापसा म्हणाला, "बरं बरं, उतर खाली. आधी कौसामावशीला सांग, हापसा हापस."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी निघाली. कौसामावशीजवळ आली. कौसामावशी शाळेत खिचडी करायची. चुलीवर हे एवढं मोठं पातेलं. पातेल्यात पाणी उकळत होतं, खदखद खदखद.

"मावशी, मावशी,
हापसा झारी भरत नाही,
झारी पाणी घालत नाही,
गुलमोहर कागद सोडत नाही,
कागदाशिवाय पाऊल लागत नाही,
आणि माझी आई बघायला येणार आहे.
हापस ना हापसा."

मावशीनं पदरानं घाम पुसला. म्हणाली, "हापसीन की, का नाही हापसणार? पण तांदूळ टाकल्याबिगर चुलीपासनं हलू कशी? आणि तांदूळ टाकू किती? कमी टाकले तर पोरं उपाशी, जास्त टाकले तर वाया. आज पोरं किती, ते अजून बाईंनी सांगितलंच नाही. आधी बाईंना सांग, आकडा सांगा."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी निघाली. वर्गात आली. वर्गाचा उंबरा जरा उंच. टुणुक, एक उडी. ठोंबरे बाई हजेरी घेऊन बसल्या होत्या. हातात पेन, पण लिहीत काही नव्हत्या.

"बाई, बाई,
मावशी हापसा हापसत नाही,
हापसा झारी भरत नाही,
झारी पाणी घालत नाही,
गुलमोहर कागद सोडत नाही,
कागदाशिवाय पाऊल लागत नाही,
आणि माझी आई बघायला येणार आहे.
सांगा ना आकडा."

बाई म्हणाल्या, "सांगीन की, का नाही सांगणार? पण काय सांगू? वर्गात एकोणीस मुलं. आणि विसावी गिरजा, ती उभी आहे फाटकात. सोमवारी ती रडून घरी गेली. मंगळवारी रस्त्यातूनच परत गेली. आज फाटकापर्यंत आली आहे. तिला आत धरू की बाहेर?"

"ओढून आणा ना," ठिपकी म्हणाली.

"छे गं. ओढून नाही आणायचं. फाटकापर्यंत तिची ती आली, तशी आतही तिची ती येईल. तू तिला सांगून बघ, आत ये."

तेवढ्यात शाळेच्या मागून आवाज आला. कॉक कॉक, कॉक कॉक. तांबडी कोंबडी पिल्लांना गोळा करत होती. आई निघायच्या तयारीत होती. अरे देवा, आता घाई केली पाहिजे.

तुरुतुरुतुरुतुरु, ठिपकी पळतच निघाली. फाटकाजवळ आली. गिरजा फाटकाच्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभी होती. डोळे मिटलेले. मुसमुस मुसमुस.

"गिरजा, गिरजा,
बाई आकडा सांगत नाहीत,
मावशी हापसा हापसत नाही,
हापसा झारी भरत नाही,
झारी पाणी घालत नाही,
गुलमोहर कागद सोडत नाही,
कागदाशिवाय पाऊल लागत नाही,
आणि माझी आई बघायला येणार आहे.
ये ना आत."

गिरजानं डोळे नाही उघडले. म्हणाली, "येईन की, का नाही येणार? पण आत सगळे मोठे आहेत. मीच सगळ्यांत लहान. मला भीती वाटते. आधी माझ्याहून लहान कुणाला तरी सांग, माझ्यापुढे चाल."

झालं. आता गिरजाहून लहान कुठून आणायचं?

ठिपकीनं इकडे पाहिलं. इकडे हापसा, गिरजाहून मोठा. तिकडे पाहिलं. तिकडे गुलमोहर, हापशाहून मोठा. वर पाहिलं, तर आभाळ. ते तर सगळ्यांहून मोठं. मग ठिपकीनं खाली पाहिलं. खाली काय दिसलं?

दोन पाय दिसले. इवलेसे. तीन बोटं पुढे, एक बोट मागे.

"अगं बाई," ठिपकी म्हणाली. "ही तर मीच."

मग ठिपकी स्वतःलाच म्हणाली,

"ठिपके, ठिपके,
गिरजा आत येत नाही,
बाई आकडा सांगत नाहीत,
मावशी हापसा हापसत नाही,
हापसा झारी भरत नाही,
झारी पाणी घालत नाही,
गुलमोहर कागद सोडत नाही,
कागदाशिवाय पाऊल लागत नाही,
आणि माझी आई बघायला येणार आहे.
चाल ना पुढे."

ठिपकी काय म्हणाली असेल?

म्हणाली, "चालेन की, का नाही चालणार?" आणि पण-बिण काही म्हणालीच नाही.

"गिरजा," ती म्हणाली, "डोळे उघड. खाली बघ. मी तुझ्याहून लहान आहे. आणि मी रोज शाळेत जाते."

गिरजानं एक डोळा उघडला. मग दुसरा. खाली वाकून पाहिलं. "एवढीशी?" ती म्हणाली.

"एवढीशीच," ठिपकी म्हणाली. "चल माझ्या मागे."

ठिपकी पुढे निघाली. पळाली नाही, हं. सावकाश चालली. टुक, टुक, टुक. अंगणातल्या मातीत तिची पावलं उमटली. गिरजानं गज सोडले. एक हात सोडला. दुसरा सोडला. ठिपकीच्या पावलामागे आपलं पाऊल टाकलं. मग आणखी एक. ठिपकीनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिला माहीत होतं, गिरजा येते आहे.

उंबरा आला. ठिपकीनं उडी मारली, टुणुक. गिरजानं पाय उचलला आणि ती वर्गात आली. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. तिची ती आली.

मग काय झालं?

गिरजा आत आली,
बाईंनी आकडा सांगितला. "मावशी, आज वीस. पूर्ण वीस."
मावशीनं तांदूळ टाकले, वर झाकण ठेवलं, आणि पदर खोचून हापसा हापसला. कुईं खट, कुईं खट.
हापशानं झारी भरली. भळभळ भळभळ.
झारीनं पाणी घातलं. झरझर झरझर.
गुलमोहर प्यायला. घटाघट घटाघट. मग त्यानं अंग झटकलं. सळसळ सळसळ. लाल फुलं पडली, वाळकी पानं पडली, आणि सगळ्यांच्या मागून गिरक्या घेत खाली आला चिमुकला कागद.

ठिपकीनं तो चोचीत धरला. तुरुतुरु तुरुतुरु, बाईंना नेऊन दिला.

बाईंनी पुन्हा ताटात कुंकवाचं पाणी केलं. गिरजाचा पाय राहिला होता ना. ताटात पाय, छपाक. "गार आहे," गिरजा म्हणाली आणि हसली. कागदावर पाय, थप्प. एकोणीस पावलं भिंतीवर लागली होती. विसावं गिरजाचं लागलं. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी पहिलं, ठिपकीचं.

"ठिपकीचं पहिलं का?" मुलांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "ती पुढे चालली म्हणून."

शाळा सुटायची वेळ झाली. आया आल्या. गिरजाची आई आली ती आधी फाटकाशीच थांबली. गिरजा तिथे नव्हती. घाबरून ती वर्गात आली, तर गिरजा मुलांच्या मधोमध बसून खिचडी खात होती. "आई, ते बघ, ते माझं पाऊल," गिरजा म्हणाली. आईनं पाऊल पाहिलं, मग गिरजाला पाहिलं, मग पुन्हा पाऊल पाहिलं. तिचं बघून संपतच नव्हतं.

आणि दारातून कोण आलं? कॉक कॉक, कॉक कॉक. तांबडी कोंबडी आली. मागून सात भावंडं आली. उंबरा चढताना दोघं पडली. बाईंनी हजेरी उघडली आणि मोठ्यानं नाव घेतलं.

"गिरजा?"

"हजर, बाई."

"ठिपकी?"

"चिव."

बाईंनी शेवटच्या नावाखाली लिहिलं, ठिपकी. भावंडांनी भिंतीकडे पाहिलं. तीन बोटं पुढे, एक बोट मागे. सगळ्यांत धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "सोमवारी मी पण येऊ?"

"ये की," ठिपकी म्हणाली. "माझ्या मागे मागे ये."

आईनं ठिपकीच्या डोक्यावरचा काळा ठिपका चोचीनं हलकेच साफ केला. "माझी पोर," ती म्हणाली. कौसामावशीनं ताटलीत चिमूटभर जास्तीची खिचडी वाढली. मोजून वीस मुलांचीच केली होती, तरी कशी उरली, ते मावशीलाच ठाऊक.

खिचडी संपली, ताटली पुसली, आणि ही गोष्ट भिंतीवर जाऊन बसली. अगदी पहिली.