खळीचा ठिपका

"मग वाचलीच नाही, तर नाकारली कशाच्या जोरावर, बुवा?"

उगले सरांचा आवाज चढला होता. ओसरीवर पसरलेल्या पोथ्यांवरून एक चिमणी भुर्रकन उडाली.

केरोबुवांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या पोथीची पानं सारखी करत होते.

आश्विनातलं लख्ख ऊन पडलं होतं. पावसाळा सरला की पोथ्यांना ऊन दाखवायचं, असा मठाचा रिवाज. वर्षातून एकदा सगळी बासनं सुटायची, पानं मोकळी व्हायची आणि दुपार कलायच्या आत पुन्हा बांधली जायची. सोडायला कुणीही चाले. बांधायचं काम केरोबुवांचं. त्यांची गाठ उलट्या पिळाची होती, मेंढरं राखणाऱ्या बापानं कोकरू बांधायला शिकवलेली. एका झटक्यात सुटायची, पण तशी पुन्हा बांधणं मठात आजवर कुणाला साधलं नव्हतं.

आज सगळी बासनं सुटली होती. खांबाशी एक तांबडं गाठोडं तेवढं बांधलेलंच पडलं होतं. उगल्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या मांडीवर त्यांचं स्वतःचं बाड होतं, आणि ते असलं की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

रघुवीर उगले तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत. चारशे बारा पानांची कादंबरी लिहायला त्यांना नऊ वर्षं लागली होती आणि ती नाकारून घ्यायला सहा. केरोबुवा मठात येऊन राहण्याआधी पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेत तीस वर्षं मुद्रितं तपासत होते. जुने मालक वारले, आता मुलगा सगळं बघतो, आणि तो केरोबुवांचा शब्द खाली पडू देत नाही, असं उगल्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हा उगले टेकडी चढून आले होते ते काही शहाणपण ऐकायला नव्हे. त्यांना शिफारसपत्र हवं होतं. आठ प्रकाशकांनंतरची ही नववी खेप. हीही फुकट गेली तर बाड बंबात घालीन, असं बायकोला सांगून ते निघाले होते.

"आठ झाले, बुवा. एक म्हणाला, कादंबऱ्या कोण वाचतो, आत्मकथन असेल तर आणा. एक म्हणाला, निम्मी पानं करा. केली. तर म्हणतो, आता जीव राहिला नाही हिच्यात! एका पोरगेल्या संपादकानं विचारलं, फेसबुकवर तुमच्यामागे किती लोक आहेत? म्हटलं, वर्गात ऐंशी आहेत, तेही मागे नाहीत, पुढे बसतात."

"मग?"

"मग काय? कळवतो म्हणाला. अजून कळवतोय. आणि एकाचं तर पाकीट उघडलं, आत माझं बाड आणि सोबत भलत्याच बाईला लिहिलेलं पत्र. 'आपल्या लोणच्यांच्या पुस्तकाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन.'"

केरोबुवांच्या ओठाचा कोपरा हलला.

"हसू नका, बुवा."

"निघालं का लोणच्यांचं?"

"तीन आवृत्त्या झाल्या!"

केरोबुवांनी पोथी बासनात ठेवली, पीळ दिला, गाठ मारली.

"पण वाचली नाही, हे कशावरून म्हणता?"

या प्रश्नाची उगले वाटच पाहत होते. त्यांनी बाड उघडलं, पानं उलटली आणि दोन पानांच्या मध्ये बोट ठेवलं. आवाज खाली आणला.

"एकशे बारा आणि एकशे तेरा. खालच्या कोपऱ्यात कणकेच्या खळीचा ठिपका. मुगाएवढा. वाचणाऱ्याला तो सोडवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सात ठिकाणांहून ठिपका जसा लावला तसा परत आला. सात ठिकाणांहून, बुवा!"

"आणि आठवा?"

उगल्यांचा चेहरा उजळला. सहा वर्षांत या चेहऱ्यावर उजेड पडायची तेवढी एकच जागा उरली होती.

"आठवा सुटलेला होता."

…

"नाकारली त्यांनीही. पण कुणीतरी वाचली, बुवा! कोण, ते ठाऊक नाही. संपादक असेल, कारकून असेल. त्या एका माणसावर मी दोन वर्षं काढलीत. वर्गात मुलं जांभया देतात तेव्हा मनात येतं, असू दे. आहे कुणीतरी."

केरोबुवांनी दुसरी पोथी ओढली. तिची पानं झटकली. एक वाळकी झुरळाची तंगडी खाली पडली, ती त्यांनी बोटानं उडवली.

"आमच्याकडेही यायची अशी बाडं."

"कसली?"

"कुणी पानात केस घालायचा. कुणी तांदळाचा दाणा. खळीचे ठिपके तर पुष्कळ."

"म्हणजे… तुम्हा लोकांना माहीत असायचं?"

"मालकांना माहीत होतं. बाड परत गेलं की लेखक भांडायला येत. ठिपका तसाच आहे म्हणत. म्हणून मग शनिवारी परतीची बाडं निघायच्या आधी एक माणूस ती सगळी चाळायचा. केस झटकायचा, दाणा काढायचा. ठिपका लागला की पातळ पट्टी घालून सोडवायचा. पान फाटू न देता."

"न वाचता?"

"एका शनिवारी चाळीस बाडं असायची, सर."

बाडावरचा हात उगल्यांनी उगीचच घट्ट केला.

"कोण होता हा माणूस?"

केरोबुवांनी आपली बोटं उन्हात धरली आणि जरा वेळ पाहिली.

"हात हलका होता त्याचा."

…

"ते तुमच्याकडचं झालं," उगले म्हणाले. "सगळीकडे तसं नसेल."

"नसेल."

या एका शब्दात कुठे वाद नव्हता, टोमणा नव्हता. म्हणूनच तो उगल्यांना जास्त झोंबला. दोन वर्षं पोसलेला वाचक असा उभ्या उभ्या काढून घ्यायचा म्हणजे काय? म्हातारा विक्षिप्त आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि कामाचं बोलायला घेतलं.

"पत्राचं काय झालं, बुवा?"

"लिहून ठेवलंय. तुमचा फोन आला त्याच दिवशी."

केरोबुवांनी पोथ्यांच्या पाटाखालून घडी केलेला कागद काढला. उगल्यांनी तो जवळजवळ ओढूनच घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. चांगलं काही मोठ्यानं वाचायची त्यांना वर्गातली सवय होती.

"'श्री. रघुवीर उगले यांच्या लेखनाला अनुभवाचा पक्का आधार आहे. शैली ओघवती आणि मातीशी इमान राखणारी आहे.' वा, बुवा! 'माणसांकडे पाहण्याची दृष्टी करुणेची आहे. क्वचित विस्तार आवरता आला असता, तरी संपूर्ण लेखन मी एका बैठकीत वाचून काढले.'"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याचं मर्म असं कुणी… 'मातीशी इमान'! हे शब्द सुचायला आधी पुस्तकात उतरावं लागतं, बुवा."

बाड सकाळपासून आपल्याच मांडीवर आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कौतुक ऐकताना माणसाचं गणित कच्चं होतं.

"पुढे आहे," केरोबुवा म्हणाले.

उगल्यांनी कागद उलटला.

"'तथापि तूर्त प्रकाशनाची, तसेच पुढील लेखनाची घाई करू नये.'"

ते थांबले. पुन्हा मनातल्या मनात वाचलं.

"हे काय? याला शिफारस म्हणायचं? हे असं कसं लिहिलंत तुम्ही?"

"मी नाही लिहिलं. नक्कल केली. नाव तेवढं बदललं."

"कुणाची नक्कल?"

केरोबुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गुलाबी प्लास्टिकची एक स्वस्तातली फ्रेम होती. काचेच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट लागलेलं. आत एक पत्र होतं. वर उगल्यांचं छापील नाव, त्याखाली पदव्या, आणि तळाशी त्यांची ती लांब शेपटीची सही.

'श्रीमती गजराबाई कुचेकर यांस…'

नाव आठवायला उगल्यांना वेळ लागला. सांगायला लाज वाटते, पण लागला.

गजराबाई सरकारी दवाखान्यात आया होती. तीस वर्षं तिनं लोकांची बाळंतपणं पाहिली आणि मरणं पाहिली, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी लिहून काढायला बसली. सहा वह्या भरल्या. केरोबुवांनी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, पण तिचं समाधान होईना. "तुमी मठातलं, बुवा. तुमाला समदंच ग्वाड लागतंय. येकाद्या शिकल्याल्या मानसाला दावा," म्हणाली. तेव्हा केरोबुवांनी वह्या तांबड्या फडक्यात बांधून उगल्यांच्या घरी नेऊन दिल्या होत्या. आठ महिने गाठोडं कपाटावर पडून होतं. मग केरोबुवांचा निरोप आला. उगल्यांनी परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून दहा मिनिटांत हे पत्र खरडलं आणि गाठोड्यासकट मठात पाठवून दिलं.

"हां… त्या बाई," उगले म्हणाले. "चाळल्या होत्या मी वह्या. तेव्हा फार गडबडीत होतो, पण चाळल्या होत्या."

केरोबुवांनी खांबाशी पडलेलं तांबडं गाठोडं उचललं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

उगल्यांनी पाहिलं.

गाठ उलट्या पिळाची होती, नेऊन दिली तेव्हाचीच.

…

कुठल्याशा कौलावर कावळा ओरडत होता. उगल्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला, तो पुसायला त्यांचा हात उठला नाही. सात प्रकाशकांना सहा वर्षं जे जे म्हणून ते शिव्या घालत आले होते, ते सगळं या दोन इंच फडक्यात पिळून बसलं होतं.

"कुठे असतात त्या?" त्यांनी घाईनं विचारलं. "मी आजच्या आज वाचतो. इथे बसून वाचतो. स्वतः जाऊन सांगतो त्यांना."

"गेली ती. संक्रांतीच्या आधी."

…

"सातवी वही निम्मी झाली होती. तुमचं पत्र आलं आणि तिनं ती मिटली. 'सर म्हणत्यात घाई नगं,' म्हणाली."

"म्हणजे माझ्यामुळे…"

"हे देवाशेजारी लावलं होतं तिनं." केरोबुवांनी फ्रेमच्या काचेवरून अंगठा फिरवला. "रोज कुंकू लावायची. शेवटी दवाखान्यात भेटायला गेलो तर म्हणाली, 'छापलं न्हाई तर न्हाई, बुवा. येका मानसानं समदं वाचलं. पांग फिटलं माजं.'"

उगल्यांना वाटलं, उठावं आणि टेकडी उतरून चालू लागावं. पण अपमान गिळता येत नाही तेव्हा माणूस समोरच्यावर उलटतो. तेही उलटले.

"तुम्ही गाठ पाहिली होतीत! परत आली तेव्हाच पाहिली असेल. मग तिला का नाही सांगितलंत? पत्र खोटं आहे, सरांनी वही उघडलीसुद्धा नाही, हे तोंडावर सांगायचं होतं. तिनं दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं. सातवी वही पुरी केली असती. तुम्ही का गप्प बसलात?"

पोथीचं एक पान वाऱ्यानं उलटलं, ते केरोबुवांनी सरळ केलं.

"हात हलकाच राहिला, सर. पान फाटू दिलं नाही."

…

ऊन ओसरीच्या कडेला सरकलं. एकेक बासन बांधून होत आलं. उगले तिथेच बसून होते. शिफारसपत्राची घडी त्यांच्या मुठीत ओली झाली होती. आता त्यांना पुण्याचा मालक नको होता, आवृत्ती नको होती, लोणचीवाल्या बाईचा हेवाही उरला नव्हता. फक्त नऊ वर्षं एकट्यानं केलेली एक गोष्ट दुसऱ्या कुणालातरी दिसावी, एवढंच उरलं होतं, आणि तेवढंच फार दुखत होतं.

त्यांनी बाड दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"बुवा… पत्र नको. छापूही नका म्हणावं. पण तुम्ही तरी वाचाल? पहिल्यापासून शेवटपर्यंत. एका माणसानं सगळं वाचलं की…"

वाक्य कुणाचं आहे, हे ध्यानात आलं आणि ते मध्येच थांबले.

केरोबुवांनी बाड मांडीवर घेतलं. वरची धूळ तळहातानं पुसली. शेजारी एक धुतलेलं फडकं होतं, ते पसरलं. बाड त्यात ठेवलं, चारी पदर दुमडले, पीळ दिला आणि गाठ मारली. एक पान उघडलं नाही.

मग ते गाठोडं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी कपाळाला लावलं आणि उगल्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वाचली, सर. फार सुंदर झालीय."