ट्रकचा कणा आणि महाराजांची कंबर

कोंडसर संस्थानच्या सर्जेराव महाराजांचा शिकारीचा ट्रक पुन्हा मोडला आणि दोष पुन्हा म्हादू लोहाराचाच निघाला. ट्रक महाराज स्वतः हाकत. रस्ता ही चीज त्यांना पसंत नव्हती. ओढ्यातल्या धोंड्यांवरून, बांधांवरून, नांगरटीतून ट्रक उधळायचा आणि सशांनी झुडपात बसून ही मौज बघायची, अशी त्यांची शिकार असे. या खेपेला मागच्या चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या कमानीचे पाटे तुटले होते आणि गाडीच्या सांगाड्याला हातभर तडा गेला होता.

महाराजांनी फर्मावलं, म्हादूने गाडी अशी दुरुस्त करावी की त्याच ओढ्यातून, त्याच वेगाने नेली तरी मोडता कामा नये. मोडली, तर त्याने संस्थान सोडावं. दरबाराने माना डोलावल्या. त्यातल्या कोणालाच त्या ट्रकमध्ये बसायचं नव्हतं.

म्हादू घरी येऊन डोकं धरून बसला. धोंड्यावर आदळलेलं लोखंड मोडणारच, हे महाराजांना सांगणार कोण? त्याची बायको येसू म्हणाली, सांगायचं कशाला, त्यांचं त्यांनाच कळू द्यावं.

म्हादूने सांगाडा सांधला, नवे पाटे बसवले, आणि येसू वाड्यावर वर्दी द्यायला गेली. गाडी तयार आहे, तिने अदबीने सांगितलं, पण कमानींची ताकद पुढच्या मऊ गादीवर बसून कळत नाही. ती मागे, चाकावरच्या उघड्या फळीवर बसणाऱ्याला कळते. आणि एवढी बारीक पारख महाराजांवाचून कोण करणार? महाराज खूश झाले. गाडी हुबेहूब आमच्यासारखी हाक, असा ड्रायव्हरला हुकूम सुटला.

ड्रायव्हर आज्ञाधारक होता. पहिल्या धोंड्याला महाराजांचा फेटा उडाला, दुसऱ्याला महाराज. ओढ्याच्या मध्यावर दोन आवाज एकदमच झाले, एक पाटा तुटल्याचा आणि एक महाराजांचा.

मागून घोड्यांवर येणाऱ्या दरबाऱ्यांनी त्यांना उचलून झाडाखाली पालथं निजवलं. राजवैद्य कंबर चोळू लागले. तेवढ्यात महाराजांची नजर ओढ्याकाठी येसूसोबत उभ्या असलेल्या म्हादूवर गेली.

"गाडी मोडली," ते कण्हत म्हणाले. "बांध बिऱ्हाड."

येसू पुढे झाली. "बांधतो, महाराज. फक्त वैद्यबुवांनाही बांधायला सांगा. वाटेत सोबत होईल."

"त्यांनी काय केलं?"

"महाराजांची कंबर त्यांच्याच देखरेखीखाली ना? इतकी वर्षं काढे पाजले, पण त्याच ओढ्यात, त्याच वेगात टिकेल अशी कंबर काही त्यांना करता आली नाही. गाडी मोडली तर लोहार दोषी. मग कंबर मोडल्यावर वैद्य कसे सुटतात?"

वैद्यबुवांचा हात जागीच थांबला. दरबारी आभाळ न्याहाळू लागले. महाराज हसू लागले. हसताना कळ निघे, आणि ओय ओय करत ते आणखीच हसत. गळ्यातला मोत्यांचा कंठा त्यांनी येसूच्या हातावर ठेवला. ट्रकची किल्ली म्हादूला दिली आणि सांगितलं, ओढ्यावर रस्ता होईपर्यंत याला विचारल्याशिवाय गाडी हलायची नाही.

मग महाराजांना न्यायला पालखी आली.

"सावकाश रे," ते भोयांना म्हणाले, "धोंडे बघून पाय टाका."