बैलाशी बोलणारा मुलगा

फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक तेली राहत होता. घरात बायको, सोळा वर्षांचा मुलगा आणि घाण्याला एक म्हातारा बैल.

मुलगा लहान होता तेव्हा बापाला क्षणभर स्वस्थ बसू देत नसे. तीळ काळे का, बैलाच्या डोळ्यांवर झापड का, त्याचे प्रश्न संपतच नसत. मिसरूड फुटलं आणि सगळं बदललं.

एकदा गावात मिठाच्या व्यापाऱ्यांचा तांडा उतरला. मुलगा म्हणाला, "बाबा, मला यांच्याबरोबर जाऊन समुद्र बघायचाय."

"समुद्रावर घाणा चालतो का?" बाप गरजला. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा..."

"तुमचं नेहमी तेच!" म्हणत मुलगा उठून गेला.

त्या दिवसापासून घरात अबोला. "त्याला म्हणावं, जेवून घे," बाप बायकोला सांगे. "त्यांना म्हणावं, भूक नाही," मुलगा आईला सांगे. आणि दोघं बसलेले असत एकाच चुलीपाशी! आई बिचारी निरोप सांगून सांगून थकली.

बापाला करमेना. एकेकाळी ज्या प्रश्नांची कटकट वाटायची, ते पुन्हा कानी पडावेत म्हणून त्याचा जीव तळमळे. पण आपण होऊन बोलायला जावं, तर पाय दारातूनच मागे फिरत.

एका संध्याकाळी गोठ्यातून आवाज आला. बाप भिंतीआड थबकला. मुलगा बैलाला खरारा करत बोलत होता. समुद्राबद्दल, तांड्याबद्दल, मनातल्या भीतीबद्दलसुद्धा. किती दिवसांनी कानावर आला होता तो आवाज! बापाचे डोळे भरून आले.

मुलगा गेल्यावर तो बैलापाशी आला. "माझं पोर तुझ्यापाशी मन मोकळं करतं. तू असं करतोस तरी काय?"

बैल रवंथ थांबवून म्हणाला, "मालक, मी काहीच करत नाही. त्याचं बोलणं पुरं होऊ देतो, इतकंच."

दुसऱ्या संध्याकाळी बाप गोठ्यात जाऊन पेंढ्यावर बसला. त्याला पाहताच मुलगा बैलाच्या आड सरकला.

"बोल की," बाप म्हणाला. "मीही ऐकतो."

मुलाने पुन्हा खरारा सुरू केला. मग चाचरत बोलू लागला. बापाच्या ओठांवर पुन्हा पुन्हा उपदेश येई आणि तो गिळून टाकी. शेवटी मुलगा म्हणाला, "मी गेलो तर घाणा तुम्हाला एकट्याला झेपेल का, याचाच घोर लागतो, बाबा."

पोराला आपली पर्वाच नाही, असं बाप इतके दिवस धरून बसला होता. त्याने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या हंगामात तांडा पुन्हा आला, तेव्हा "घाण्याचं मी बघतो," म्हणत बापाने मुलाला जाऊ दिलं. बाप वेशीपर्यंत पोचवायला गेला आणि तांडा दिसेनासा झाला तरी तिथेच उभा राहिला.

पावसाळ्याआधी मुलगा परतला. पाय धुवायचीही वाट न बघता बापाशेजारी ओसरीवर बसला आणि सांगू लागला. दिवेलागण झाली, आईने दोनदा जेवायला हाक मारली, तरी त्याचं सांगणं संपेना. बाप ऐकत होता.

तात्पर्य : मुलांच्या मनात जागा हवी असेल, तर आधी त्यांना आपले कान द्यावेत.