फुटलेली गुंज

"मग एवढं शिकून मी मिळवलं काय, भंतेजी?"

प्रशील वानखडेच्या आवाजात प्रश्नापेक्षा रागच जास्त होता. गावाबाहेरच्या विहाराच्या ओट्यावर तो ताठ बसला होता. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात दुसरा. बायको शीलरत्ना तालुक्याला तलाठी. लेक उत्पला जन्मली तेव्हापासून, म्हणजे अडीच वर्षं, घर आणि पोर तोच सांभाळत होता.

भंते धम्मसार सत्तरीचे. चौथीनंतर शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

"कोणी काही बोललं का?"

"चौकात बोलतात. एम.एस्सी. झाला आन् पोरीचा शेंबूड पुसतो, म्हणे." तो थांबला. "त्याचं काही नाही. पण परवा कॉलेजातली जुनी वही उघडली… अक्षर माझंच, आणि लिहिलेलं मलाच कळेना. बाबांनी वीटभट्टीवर डोक्यावर विटा वाहिल्या, तेव्हा मी शिकलो. ते सगळं माझ्यात हळूहळू मरतंय. भीती वाटते, भंतेजी."



अंगणात उत्पलाची बडबड चालली होती. ती एकाएकी थांबली…

लहान मूल गप्प झालं की ते सांभाळणाऱ्याला आधी कळतं. प्रशील उठलाच.

पोर कुंपणाशी फतकल मारून बसली होती. तळहातावर तीन बिया. लालभडक, एका टोकाला काळा ठिपका. गाल हलत होता.

"थुंक! उत्पल, थुंक आधी!"

त्यानं तिच्या तोंडात बोट घातलं. अर्धी बी बाहेर आली. दाताखाली फुटलेली.

"अरे, गुंजा आहेत त्या," भंते ओट्यावरून हसून म्हणाले. "वीस वर्षांचा वेल आहे. पोरं रोज खेळतात. पाणी पाज, काही होत नाही."

"अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, भंतेजी. ही फुटलीय." प्रशीलचे ओठ पांढरे पडले होते. "दुसरा अर्धा भाग कुठंय?"

त्यानं माती चाचपली, फ्रॉक झटकला, पुन्हा तोंडात बोट फिरवलं.

नव्हता.

"ठणठणीत तर आहे पोर."

"आत्ता ठणठणीतच दिसणार. संध्याकाळपर्यंत… कदाचित उद्यापर्यंत."

प्रशीलनं ऑटो थांबवली, तसे भंतेही उठले. ऑटोत त्याच्या शेजारी जाऊन बसले.

दवाखान्यात उत्पला डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढून खिदळत होती. तरुण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले.

"लक्षण तर काहीच नाही. घरी न्या. उलटी झाली तर घेऊन या."

प्रशील जागचा हलला नाही.

त्यानं बीचं शास्त्रीय नाव सांगितलं. तिच्यात कुठलं विष असतं, ते पेशीत शिरून काय बंद पाडतं, आणि म्हणूनच लक्षणं उशिरा का दिसतात, तेही सांगितलं. मेले म्हणून ज्यांच्यासाठी झुरत होता, ते शब्द एकामागून एक तोंडातून येत होते. प्रत्येक शब्दागणिक त्याचीच भीती वाढत होती.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वरिष्ठांना फोन लावला. पोरीला भरती करून घेतलं.

शीलरत्ना धावत आली. "काय होईल हो आता?"

काय काय होऊ शकतं ते त्याला पाठ होतं. आणि यावर उतारा नसतो, हेही. तो सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिला…

दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, रक्ताचे. पोरीचे डोळे खोल गेले. पण सलाईन आदल्या दिवसापासून चालू होती, डॉक्टर तासातासाला येऊन बघत होते. भंते बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ मात्र थरथरत होते.

चौथ्या दिवशी दुपारी उत्पलानं वरणभात मागितला.

"घरी नेली असती तर अंगातलं पाणी आटून गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मग कठीण होतं."

पंधरवड्यानं प्रशील लेकीला खांद्यावर घेऊन विहारात गेला. गावकऱ्यांनी वेल कुंपणावरून मुळासकट काढून टाकला होता. भंते मातीत गुडघे टेकून बसले होते. पडलेल्या गुंजा एकेक वेचत होते.

प्रशील जवळ जाऊन उभा राहिला. लेकीला मात्र खाली उतरवलं नाही.

"त्या दिवशी मी पार घाबरलो होतो, भंतेजी. अजून झोपेत दचकतो. तुम्ही मात्र किती शांत होता…" त्याचा आवाज खाली आला. "मला ती शांती शिकवा."

भंतेंनी एक गुंज उचलली. 

"ती शांती नव्हती, प्रशील," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."