सहा मिनिटांची चाल

"म्हणजे सर, तुम्ही सही करणारच नाही?"

इनामदारसरांनी शलाकाचा अहवाल मिटला. "आधी मोजणी बघू दे."

"वर्षभराची मोजणी त्यातच आहे. चाचणीतली ती लहानगी रेवा आता उंबऱ्याला अडखळते, सर. आणि तुम्ही कागद चाळत बसा!"

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

शलाकाचं संशोधन स्नायू झिजवणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर होतं. आजार इतका दुर्मिळ, की राज्यभर फिरून चौदाच मुलं सापडली. सात जणांना औषध, सात जणांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते शलाकालाही ठाऊक नव्हतं. मूल सहा मिनिटांत किती चालतं, ते ती दर महिन्याला मोजायची.

सात मुलं सावरत होती. बरोबर सात.

तपासणी समितीचे प्रमुख म्हणून सरांनी सही केली, की चाचणी थांबवून औषध सगळ्यांना मिळणार होतं.

"चला, बघाच," शलाका म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये आधी सावरणाऱ्या सातांतला ओजस चालला. शलाका पलीकडच्या टोकाला हात पसरून उभी.

"चल राजा! अजून एक फेरी! अरे, तू तर पळायलाच लागलास!"

तीनशे चाळीस मीटर. मागच्या वेळेपेक्षा वीस जास्त.

"बघितलंत?"

"हं. आता रेवा."

रेवा चालली. शलाकाची नजर गळ्यातल्या घड्याळावर. कॉरिडॉरमध्ये फक्त चपला घासल्याचा आवाज...

दोनशे दहा. पंधरा कमी.

"हिला हाक नाही मारलीस," सर हळूच म्हणाले.

"कशाला दमवू तिला? तिच्या अंगात पाणीच तर जातंय."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंच की..."

शलाका थांबली.

रेवा भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"सर... म्हणजे वर्षभर मी सावरणाऱ्यांनाच हाका मारत..."

सरांनी रेवाला बाकावर बसवलं.

"पण मी मुद्दाम नाही हो केलं! आता पुन्हा सगळं मोजायचं? वेळ कुठे आहे या मुलांकडे?"

समोरून एक नर्स येत होती. सरांनी तिला थांबवलं. "सिस्टर, या मुलांपैकी कोणाला ओळखता?"

"नाही हो. मी डोळ्यांच्या वॉर्डची. रजिस्टर मागायला आले होते."

"छान."

सरांनी शलाकाच्या गळ्यातलं घड्याळ काढलं आणि सिस्टरच्या गळ्यात घातलं.

"अहो, हे काय? मला कामालाच लावलंत की!"

शलाका पुढे झाली. "आणि मी, सर? मी काय करू?"

"रेवा वाचायला हवी ना?"

"सर, त्यासाठीच तर..."

"मग ती चालेल तेव्हा बघू नकोस."