डावीकडचा तंबोरा

"कसं वाटलं, बुवा?"

"गोड आहे रे. फार गोड आहे."

"आणि डावीकडचं?"

श्रीपादबुवा हेर्लेकरांनी मान किंचित वळवली.

निशिकांत जुवेकरनं पुन्हा विचारलं, "डावीकडच्या स्पीकरमधून काय ऐकू आलं?"

बुवा खिडकीकडं बघत राहिले.

प्रश्न सरळ नव्हता. डावीकडचा स्पीकर बंद होता, आणि विचारणाऱ्याला ते पहिल्या आलापापासून माहीत होतं.

निशिकांत बुवांचा जुना शिष्य. बरीच वर्षं मिरजेत त्यांच्यासमोर बसून शिकला, पुढं नोकरीनिमित्त परदेशात गेला आणि तिकडंच रमला. यंदा आला तो गुरुदक्षिणा घेऊनच. डेन्मार्कहून मागवलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, आणि त्याला साजेसे स्पीकर.

ते साजेसे स्पीकर मिळेपर्यंत त्यानं स्वतःला आणि दुकानदारांना पुरतं दमवलं होतं. हा अॅम्प्लिफायर ताकदीनं बेताचा, पण आवाज मधासारखा. पहिली स्पीकरची जोडी इतकी आडदांड होती, की तिला बोलतं करता करता बिचाऱ्याचा घसा बसायचा. दुसरी जोडी नुसतीच घुमायची. तिसरी मात्र अशी मिळाली, की हलकी फुंकर मारली तरी बोलावी. लग्न जुळवताना कुणी इतकी चौकशी करत नाही.

बुवांच्या घरी यंत्र आलं तेव्हा त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, आधी त्याला हळदकुंकू लावलं. चकचकीत डॅनिश पत्र्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं बघून निशिकांतचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला. पण काकूंना सांगणार कोण?

दुकानाचा माणूस सोबत येतो म्हणत होता. निशिकांतनं त्याला नको म्हटलं. वायरी स्वतःच जोडल्या. बुवांना बरोबर मधोमध बसवलं, दोन्ही स्पीकर त्यांच्याकडं वळवले, आणि मुद्दाम निवडून आणलेलं ध्वनिमुद्रण लावलं.

ते बुवांच्याच एका जुन्या मैफिलीचं होतं. कुणा रसिकानं दोन माइक लावून घेतलेलं. मध्ये बुवांचा आवाज, उजवीकडं बुवांचा दुसरा शिष्य गजा कुंभोजकर याचा तंबोरा, डावीकडं निशिकांतचा.

निशिकांतच्या मनात एक जुनं शल्य होतं. प्रत्येक मैफिलीत बुवा गजाला उजवीकडं बसवायचे आणि याला डावीकडं. गाताना बुवा अधूनमधून गजाकडं वळायचे. त्याच्या तंबोऱ्याची खुंटी पिळायचे, मणी सरकवायचे, कधी नुसते डोळे वटारायचे. निशिकांतकडं मात्र कधीही वळले नाहीत. रागावण्यापुरतेसुद्धा नाहीत.

त्याच्या तंबोऱ्याकडं बुवांनी एकदा तरी लक्ष द्यावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून तर हे यंत्र. इतकं स्वच्छ वाजेल, की ऐकावंच लागेल.

आणि नेमकी डावीकडचीच वायर सुटली.

पहिल्याच आलापाला त्याच्या ध्यानात आलं. तो उठणार होता. पण थांबला. बघू तरी, बुवांना कळतं का...

मैफल संपली. बुवा म्हणाले, फार गोड आहे.

निशिकांतचा आवाज चढला. "बुवा, तो स्पीकर बंद होता. सुरुवातीपासून. माझा तंबोरा त्यात होता. तो नाही हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही?"

"नाही कळलं."

"शेजारच्या घरातली पेटी पाव सुरानं उतरली तर तुम्ही जेवता जेवता उठून सांगायला जायचात!"

"जायचो."

"मग?"

बुवांनी त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या डाव्या अंगाला बसवलं. मग उजव्या कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बोल."

"काय बोलू?"

बुवा तसेच बसून.

"बुवा...?"

तसेच.

निशिकांतला काय वाटलं कोण जाणे, तो बोलत सुटला. "मला कायम डावीकडं बसवलंत. गजाला शिव्या घातल्यात, मला त्याही नाही. मी काय वाजवतो, कसं वाजवतो, तुम्हाला काहीच नव्हतं त्याचं. म्हणून गेलो मी. नोकरी हे निमित्त होतं."



बुवांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, बोट काढलं.

"झालं बोलून?"

"झालं."

"मला काही ऐकू आलं नाही."

बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. निशिकांत बुवांच्या त्या कानाकडं बघत राहिला. चांगला मोठा, भिकबाळी शोभावी असा कान.

"केव्हापासून, बुवा?"

"तू यायच्या आधीपासून. मोठा ताप आला होता. ताप गेला, जाताना हा घेऊन गेला."

"कुणाला माहीत आहे?"

"तुझ्या काकूला. आता तुला."

"गजाला?"

"त्याच्या पोटात काही राहतं का? सगळ्या गावाला झालं असतं."

निशिकांत हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "म्हणजे मैफिलीत डावीकडचा तंबोरा..."

"हं."

"तो उतरला असता तर?"

"मला कळलं नसतं. बैठकीला कळलं असतं. पुढं बसलेल्या जाणत्यांना कळलं असतं. माझी लाज गेली असती."

"आणि तुम्हाला हे माहीत असून तुम्ही मला तिथं..."

"ती वायर जोड."

"बुवा, मला आधी सांगा..."

"एवढं लांबून आणलंयस. जोड."

निशिकांत उठला. मघाशी याच वायरी त्यानं किती ऐटीत जोडल्या होत्या. आता स्क्रू धड बसत नव्हता. कसाबसा बसला. अॅम्प्लिफायरच्या पत्र्यावरचं काकूंचं कुंकू व्हॉल्व्हच्या धगीनं वाळून गेलं होतं. ते त्यानं पुसलं नाही.

"उजवीकडंच सगळं ऐकू येईल असं करून देऊ का, बुवा? सोपं आहे. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायचा. डावीकडचा स्पीकर मग लागणारही नाही."

"नको. जिथलं तिथं राहू दे."

त्यानं मैफल पुन्हा सुरू केली.

उजवीकडून गजाचा तंबोरा आला. मध्ये बुवांचा षड्ज लागला. आणि डावीकडून... निशिकांतनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःला बाहेरून ऐकलं. एक तार सैल नाही, एक आवर्तन घाईचं नाही. मध्येच गजाचा पंचम उतरला, बुवांनी गाता गाता त्याची खुंटी पिळल्याची बारीक करकरही आली. डावीकडचा तंबोरा संथ चालूच होता, आणि बुवांचा आवाज त्याच्यावर निर्धास्त टेकला होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. दाराशीच थांबल्या. भिंतीला एक तंबोरा गवसणी घालून उभा होता, त्याच्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "तू गेलास तेव्हापासून तो तसाच आहे बरं का रे. हे आता एकाच तंबोऱ्यावर गातात. लोक म्हणतात, बुवांची हौस संपली."

बुवांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. काकू चहा ठेवून आत गेल्या.

निशिकांतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं ते पुसायचंही सोडून दिलं. खाली वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मनातल्या मनात जे जे म्हणून आभार मानायचे राहिले होते, ते सगळे मानले.

मैफल चालूच होती.

"बुवा," त्यानं उजव्या कानाशी येऊन विचारलं, "डावीकडचं आता वाजतंय. इतकं सुरेख वाजतंय. तुम्हाला जरासुद्धा ऐकू येत नाही?"

"नाही."

"कधीच आलं नाही?"

"कधीच नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही गायलात कसे?"

बुवांनी हसून त्याच्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं.

"तिकडं तू होतास ना रे... मग तिकडं कान कशाला हवा?"